आपल्या घरचा कंदील

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीचे दिवस होते. बारामतीत आम्ही राहतो त्या गल्लीत ओळीने कंदील लागले होते. शेजारच्या मुलांनी मातीचा किल्ला केला होता, त्यावर मोहरी पेरली होती, मावळे मांडले होते. आमची धाकटी मुलगी तेव्हा दुसरीत होती. ती दिवसभर त्या किल्ल्यापाशी बसून राहिली आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "पप्पा, आपल्या घरी कंदील का नाही?"

आम्ही चळवळीत वाढलेलो. उत्तर तयार होते. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूरची दीक्षाभूमी, बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा, सारे तिला समजावून सांगितले. ती ऐकत होती, पण तिचे डोळे दाराबाहेर होते. रात्री मुले झोपल्यावर आमच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, आपण काय सोडलं ते तुम्ही तिला सांगितलंत. आपल्याकडं काय आहे, ते कधी सांगणार?"

आम्हाला उत्तर देता आले नाही.

वाचकहो, हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही. आपल्या आजी-आजोबांनी देव्हारे उतरवले तेव्हा आपण काय सोडतो आहोत याची त्यांना पुरती जाण होती, कारण त्यांनी ते अंगावर भोगले होते. सात-आठ वर्षांच्या लेकराने ते भोगलेले नाही. त्याला सण भाषणातून कळत नाही. त्याला तो हाताने कळतो, वासाने कळतो, जिभेने कळतो. ज्या घरात मुलाला फक्त "हे आपलं नाही" एवढेच ऐकायला मिळते, ते मूल मोठेपणी एक तर गुपचूप दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहते, नाही तर साऱ्यालाच कंटाळते. दोन्हीत नुकसान आपलेच आहे.

पैसे घालवून शिकलेला धडा

पत्नीचे बोलणे मनाला लागले आणि आम्ही दुसरे टोक गाठले. पुढच्या भीमजयंतीला ऑफिसच्या सोसायटीतून १२ हजारांची उचल घेतली. चौघांना नवे कपडे, बाजारातली झगमगती तोरणे, मंडळाला दुप्पट वर्गणी. दोन रात्री डीजे आमच्या खिडकीखाली वाजला. धाकटी कानात बोटे घालून आईच्या कुशीत झोपली. तिसऱ्या दिवशी तोरणे काढून ठेवली आणि सण संपला.

हप्ता मात्र संपला नाही. तो दरमहा पगारातून कापला जात राहिला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा थोरल्याच्या वह्या दोन वेळा करून आणाव्या लागल्या, दप्तर जुनेच शिवून घेतले. आम्ही कारकून माणूस, बी.कॉम. झालेलो. दुसऱ्यांचे हिशेब तपासून पोट भरतो. आपलाच हिशेब पाहताना आम्हाला लाज वाटली. ज्या महापुरुषाने 'शिका' हा शब्द सर्वांत आधी सांगितला, त्याच्याच जयंतीच्या कर्जापायी पोराच्या वह्या अडल्या!

त्या जूनमध्ये आम्ही दोघांनी ठरवले, की यापुढे कर्ज काढून सण करायचा नाही आणि मुलांच्या हातांना काम नसेल तो सण घरात करायचा नाही. तेव्हापासून आमच्या घरी भीमजयंती ते वैशाख पौर्णिमा असा एक काळच तयार झाला आहे. १४ एप्रिल ठरलेला. पौर्णिमा कधी एप्रिलअखेर येते, कधी मे महिन्यात. मधल्या काळात परीक्षा संपतात, सुट्टी लागते, मुले घरी असतात. एरवी ती उन्हातान्हात भटकतात किंवा मोबाईलला चिकटतात. त्याच दिवसांत हे काम बसवता येते. आम्ही काय करतो ते येथे सविस्तर देत आहोत.

चोवीस काड्यांचा कंदील

पहिल्या वर्षी आम्ही कंदिलासाठी बांबूच्या कामट्या विकत आणायला निघालो होतो. आमची सासुरवाडी इंदापूर तालुक्यातल्या एका जिराईत गावची. सासूबाई घरी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाव्हणं, कामट्या कशाला इकत आणताय? कडब्याची गंज काय नुसती जनावरालाच हाय का?" त्यांनी लहानपणी ज्वारीच्या चिपाडाच्या बैलगाड्या केल्या होत्या. चिपाडाची साल म्हणजे खिळा आणि आतला मऊ गाभा म्हणजे लाकूड, हे कसब आपल्या खेड्यांतील जुन्या माणसांच्या हातात अजून आहे. आपल्या भागात रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, म्हणून एप्रिलमध्ये कडबा कोरडा आणि हाताशी असतो.

करंगळीएवढ्या जाडीची सरळ ताटे निवडावीत. त्यांचे नऊ-नऊ इंचाचे २४ तुकडे करावेत. सोललेल्या सालीची धार पात्यासारखी असते, बोट कापते. म्हणून सोलणे-कापणे मोठ्यांनी करावे, मोजणे मुलांनी करावे. चार काड्यांचा एक, असे ६ चौकोन करावेत. कोपऱ्यात सालीचा बारीक खिळा टोचून वर दोऱ्याचे दोन वेढे द्यावेत.

आता ४ चौकोन टोकावर उभे धरून त्यांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधावेत, म्हणजे एक गोल कडे तयार होते. या चौघांच्या वरच्या टोकांना पाचव्या चौकोनाचे चार कोपरे बांधावेत, खालच्या टोकांना सहाव्याचे. फुटाहून थोडा मोठा असा कंदिलाचा सांगाडा उभा राहतो. त्यात चौकोनांच्या मधोमध ८ त्रिकोण आपोआप तयार होतात. श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेला घरोघरी जे कंदील करतात, त्यांत हा आठ कोनांचा प्रकार फार आवडीचा आहे.

आमच्या थोरल्याने सांगाडा हातात फिरवला आणि मोजून सांगितले, "पप्पा, काड्या चोवीस, अशोकचक्राच्या आऱ्यांएवढ्या. त्रिकोण आठ." आम्ही म्हणालो, "आठ कशाचे?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग ओरडला, "अष्टांगिक मार्ग!" जे आम्ही दोन वर्षे पाठ करून घेत होतो, ते त्या दिवशी त्याने स्वतः शोधून काढले.

त्यावरून कागदाची मांडणीही ठरली. वरचा चौकोन उघडा ठेवायचा. उरलेल्या ५ चौकोनांना पंचशील ध्वजाचे पाच रंग. बाजूंना निळा, पिवळा, लाल आणि केशरी, तर खाली पांढरा, म्हणजे उजेड दारात पडतो. आठ त्रिकोणांना पांढरा पतंगी कागद. चिकटवण्याआधी मुलांनी त्यावर एकेक अंग लिहायचे: सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, सम्यक वाचा, सम्यक कर्मांत, सम्यक आजीविका, सम्यक व्यायाम, सम्यक स्मृती, सम्यक समाधी. लिहिताना अर्थ विचारतील तेव्हा घरचीच उदाहरणे द्यावीत. आमच्या धाकटीने 'सम्यक वाचा' लिहिताना दादाकडे बोट दाखवून म्हटले, "हे यानं लिहायला पाहिजे." खळ मैद्याची, घरी शिजवलेली.

एक सूचना कळकळीची. कंदिलात पणती किंवा मेणबत्ती ठेवू नये. चिपाड आणि पतंगी कागद दोन्ही क्षणात पेटतात. जुना तापणारा बल्बही नको. कमी वॉटचा एलईडी दिवा लावावा आणि त्याची वायर मोठ्या माणसानेच जोडावी.

पिंपळाची जाळी

हे काम भीमजयंतीच्या संध्याकाळी सुरू करावे, कारण त्याला तीन-चार आठवडे लागतात. चैत्रात पिंपळाला नवी पालवी येते. कोवळे तांबूस पान घेऊ नये, ते फाटते. गर्द हिरवी, जून पाने पाहून वीसेक तोडावीत आणि जुन्या बादलीत भिजत घालावीत. तोंडाला फडके बांधावे, नाही तर डास होतील. तीन-चार दिवसांनी पाणी बदलावे. वास येतो, म्हणून बादली घराबाहेर ठेवावी. मुले नाके मुरडतात, पण रोज डोकावून पाहिल्याशिवाय राहत नाहीत.

पानाचा गर सुटू लागला की पान ताटलीत घेऊन दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशने हलके घासावे, वरून पाणी सोडावे. गर निघून जातो आणि शिरांची बारीक जाळी उरते. ती वर्तमानपत्राच्या घडीत, वर पुस्तकांचे वजन ठेवून वाळवावी. बाजारात हे काम सोडा घालून, उकळून झटपट करतात. मुलांच्या हाती तो प्रकार देऊ नये. ज्या वर्षी पौर्णिमा लवकर येईल त्या वर्षी पाने जयंतीच्या आठवडाभर आधी भिजवावीत.

आमच्या पहिल्या वीस पानांतली अकरा फाटली. धाकटी रडली. तिला आम्ही पाने घासता घासता संघमित्रेची गोष्ट सांगितली. सम्राट अशोकाची ही कन्या बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार श्रीलंकेत गेली. अनुराधपूरला तिने नेलेल्या फांदीचा वृक्ष आजही जपला जातो. गोष्ट संपेपर्यंत तिचे बारावे पान साफ निघाले होते. ही जाळी पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवली की त्याचे शुभेच्छापत्र होते. खाली मुलाने आपल्या हाताने नाव लिहावे आणि मामाला, आत्याला पाठवावे. मोबाईलवरचा संदेश दुसऱ्या दिवशी पुसला जातो. आमच्या धाकटीने आजीला पाठवलेले पान इंदापूरकडच्या त्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आजही लावलेले आहे.

ध्वज आणि जगातले आपले भाऊबंद

कागदी पंचशील ध्वज करताना रंगांचा क्रम चुकतो, तो आधी मुलांकडून पक्का करून घ्यावा. काठीकडून निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी अशा पाच उभ्या पट्ट्या, आणि सहाव्या पट्टीत हेच पाच रंग याच क्रमाने वरून खाली आडवे. हा ध्वज १८८५ साली कोलंबोत तयार झाला आणि त्याच वर्षी वैशाख पौर्णिमेला तेथे फडकला. पौर्णिमेनंतर ध्वज रस्त्यावर, गटारात पडू देऊ नयेत. ते गोळा करून जपून ठेवणे हे मुलांचेच काम असावे.

मुलांना हेही सांगावे, की आपण एकटे नाही. श्रीलंकेत या दिवशी घरोघरी कंदील लागतात, रस्त्याकडेला वाटसरूंना मोफत जेवण आणि सरबत देतात, लोक एकमेकांना शुभेच्छापत्रे पाठवतात. दक्षिण कोरियात कमळाच्या आकाराचे कागदी कंदील घेऊन मिरवणूक निघते. त्या उत्सवाला २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. जपानात ८ एप्रिलला फुलांनी सजवलेल्या छोट्या मंडपात बालसिद्धार्थाच्या मूर्तीवर गोड चहा ओततात. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वैशाख पौर्णिमेची जागतिक पातळीवर दखल घेतली.

बाबासाहेब १९५० साली कोलंबोच्या बौद्ध परिषदेला गेले, तेव्हा तेथील बौद्धांचे विधी-संस्कार प्रत्यक्ष पाहावेत हाही त्यांचा एक हेतू होता. आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. नाताळच्या सुट्टीत एखादा दिवस काढून मुलांना तेथे नेऊन आणावे.

खीर आणि वही

पौर्णिमेला सुजाताच्या आठवणीने खीर करावी. उरुवेलेच्या त्या स्त्रीने उपाशी, थकलेल्या सिद्धार्थाला खीर दिली. मुलांना सांगताना एवढे जरूर सांगावे, की भुकेल्या शरीराला अन्न मिळाले आणि त्यानंतरच तो महामानव बोधिवृक्षाखाली बसून ज्ञान मिळवू शकला. म्हणून खीर आधी दुसऱ्याला द्यायची, मग आपण खायची. आमच्याकडे चार वाट्या चार शेजाऱ्यांकडे जातात, त्या मुलेच नेऊन देतात. कोण कोणत्या जातीचा हे पाहत नाही. उसाचा मुलूख आपला, तेव्हा गूळच घालावा. पण तांदूळ दुधात शिजल्यावर पातेले खाली उतरवावे, थोडे निवू द्यावे आणि मगच गूळ घालावा, नाही तर दूध फाटते.

भेटवस्तू म्हणून आम्ही विकतचे खेळणे आणत नाही. वर्ष संपले की मुलांच्या जुन्या वह्यांत कोरी पाने उरतात. ती हलक्या हाताने सोडवून, बारा-बारा पाने एकत्र दुमडून, मधल्या घडीवर तीन भोके पाडून जाड दोऱ्याने शिवतो. तसे दोन-तीन गठ्ठे एकत्र बांधतो. वरून जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचे कव्हर, कोरी बाजू बाहेर. त्यावर मुले चित्र काढतात. आमच्या दोघांच्या वह्यांतून पहिल्या वर्षी पाच वह्या निघाल्या. शेजारपाजारच्या मुलांची पाने मिळाली तेव्हा त्या सोळा झाल्या.

या वह्या नोव्हेंबरपर्यंत ठेवतो. तेव्हा माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर भागात उसाच्या फडांवर तोडणी कामगारांच्या टोळ्या आलेल्या असतात. त्यांची मुले आई-बापांबरोबर कोपीत राहतात, शाळा मागे गावी राहिलेली असते. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, मुलांना घेऊन आम्ही एका कोपीवर गेलो आणि वह्या वाटल्या. एका मुलीने वही उघडून पाहिली आणि विचारले, "आन् पेन्सिल?" पेन्सिली आम्ही विसरलो होतो! धाकटीने आपल्या दप्तरातली काढून दिली. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक वहीला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली असते. पेन्सिल बांधण्याचे काम धाकटीच करते आणि दोनदा मोजते.

हिशेब आणि दोन शंका

कारकुनाच्या सवयीने हिशेब देतो. पतंगी कागद ६ ताव, ३० रुपये. दोरा १० रुपये. कडबा आजीचा, मैदा आणि दिवा घरचा. खिरीचे दूध, तांदूळ, गूळ मिळून शंभराच्या आसपास. एकूण दीडशे रुपयांच्या आत. मागे उचलले होते १२ हजार.

काही कार्यकर्ते बंधू विचारतात, हे नवे कर्मकांड तर नाही ना? शंका योग्य आहे. आमच्या घरी मुलांना स्पष्ट सांगितले आहे, की कंदील लावला नाही तर काही अशुभ होत नाही आणि लावला म्हणून काही पावत नाही. ज्या दिवशी त्याची भीती किंवा पूजा सुरू होईल, त्या दिवशी तो उतरवून ठेवावा.

माता-भगिनी विचारतात, खुरपणीला, एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बाईला वेळ कोठून? त्यांचेही खरे आहे. म्हणून हे काम बाईच्या अंगावर टाकू नये. पुरुषांनी काड्या कापाव्यात, खळही शिजवावी. मुलाने खीर ढवळावी, मुलीने दोरा बांधावा. रोज संध्याकाळी अर्धा तास पुरतो.

पौर्णिमेच्या रात्री वंदना झाली की आम्ही एक नोंदवही काढतो. त्यात दरवर्षी एक पान. कंदील कोणी केला, पाने किती फाटली, खीर कोणाकडे गेली, आणि घरातल्या थोरांपैकी कोणी सांगितलेली एक आठवण. गेल्या वर्षी सासूबाईंनी त्यांच्या वडिलांनी घरातले देव कसे उतरवले ते सांगितले. थोरल्याने ते त्यांच्याच बोलीत लिहून घेतले. त्यांना लिहिता येत नाही. आपले बोलणे पोराने वाचून दाखवल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले.

आता त्या पहिल्या प्रश्नाबद्दल. दुसऱ्या वर्षी वैशाख पौर्णिमेला आमच्या दारात कंदील लागला, तेव्हा किल्ला करणारा तोच शेजारचा मुलगा आला आणि म्हणाला, "आत्ता कसला कंदील? दिवाळी तर लांब आहे." धाकटीने त्याला पाच रंग दाखवले, चोवीस काड्या मोजून दाखवल्या, आठ त्रिकोणांवरची नावे वाचली. सातव्याशी अडखळली, पुन्हा वाचले. तो म्हणाला, "मला शिकव." पुढे दिवाळीत त्याने आपल्या दारासाठी चिपाडाचाच सांगाडा केला. त्याला चौकोन बांधायला धाकटी गेली होती. तिने त्या दिवाळीत आम्हाला काही विचारले नाही.

बंधू-भगिनींनो, येत्या भीमजयंतीला अभिवादन करून घरी आलात की मुलांना घेऊन पिंपळाखाली जा. वीस पाने तोडा, बादलीत भिजत घाला. तेवढ्याने सुरुवात होते.

जय भीम!